‘डेटा कुठेही जात नाही’ या समजुतीचा प्रतिवाद

संगणकातून डिलीट झालेली फाइल कायमची जात नसते, योग्य सॉफ्टवेअर लावले की ती निघतेच, असे आज सर्रास सांगितले जाते. दुरुस्तीच्या दुकानांवरच्या पाट्या हेच सांगतात, पोलिस तपासावरच्या मालिका हेच दाखवतात, आणि घरातला संगणक जाणणारा मुलगाही वडिलांना हाच धीर देतो. तीस वर्षांपूर्वीच्या हार्ड डिस्कबद्दल हे विधान बऱ्याच अंशी खरे होते. आजच्या लॅपटॉपबद्दल आणि मोबाइलबद्दल ते बहुतेक वेळा खोटे ठरते. जिथे ते अजून खरे आहे तिथेही त्याला अटी आहेत, आणि त्या अटी सांगण्याची तसदी कुणी घेत नाही. या धिराच्या भरवशावर माणसे नक्कल काढून ठेवत नाहीत, आणि डेटा उडाल्यावर नेमके करू नये तेच करून बसतात. म्हणून हा समज मुळापासून तपासायला हवा.

तपासण्यासाठी जुन्नर तालुक्यातले खोडद हे फार चांगले ठिकाण आहे. नारायणगावजवळच्या या गावाच्या शिवारात महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, उभी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकारली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुण्यातले राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते, आणि २००२ पासून ती जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी खुली आहे. या दुर्बिणीला डोळा लावून बघता येत नाही. तिथे रात्रभर जे ‘दिसते’ ते सकाळी डिस्कवरच्या फाइलींच्या रूपात हाती येते. फाइल गेली की रात्र गेली. डेटा जातो म्हणजे काय होते, हे अशा ठिकाणी कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

आधी समजुतीच्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य करायला हवे. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावर आणि बहुतेक पेन ड्राइव्हवर आजही फॅट नावाची जुनी रचना किंवा तिचीच पुढची आवृत्ती असते. तिच्यात प्रत्येक फाइलची ३२ बाइटची एक नोंद असते: नाव, आकार, आणि मजकूर कुठून सुरू होतो तो क्रमांक. फाइल डिलीट केली की या नोंदीत नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी २२९ हा आकडा लिहिला जातो. त्याचबरोबर कार्डाचे कोणते भाग एकामागून एक वाचायचे याची साखळी शून्य केली जाते. संपले. फोटोचा एकही ठिपका या कामात हलत नाही. म्हणून रिकव्हरीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये परत आलेल्या फोटोंच्या नावातले पहिले अक्षर गायब दिसते. ‘डीएससी०४१७’ या नावातला पहिला ‘डी’ जाऊन तिथे प्रश्नचिन्ह उरते. विंडोजच्या एनटीएफएस रचनेतही तत्त्व तेच: फाइलच्या नोंदीवरची ‘वापरात’ ही खूण काढली जाते आणि जागा मोकळी म्हणून दाखवली जाते.

गावाकडच्या भाषेत सांगायचे तर सातबाऱ्यावरचे नाव कमी झाले, रानातले पीक तसेच उभे आहे. नवा माणूस नांगर घालीपर्यंत ते उभे राहणार. फाइल परत मिळवण्याचा सगळा व्यवहार या मधल्या काळावर चालतो, आणि तो काळ किती असेल हे कुणाच्या हातात नसते.

नोंदच गेली असेल तर दुसरा मार्ग उरतो तो सहीवरून शोधण्याचा. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरलेली असते. जेपीईजी फोटो २५५, २१६, २५५ या तीन बाइटनी सुरू होतो. फोटोरेकसारखे मोफत सॉफ्टवेअर कार्डाचा कोपरान् कोपरा वाचत जाते, ही सही दिसली की तिथून पुढचा भाग फोटो म्हणून उचलते. यात फाइलींची नावे आणि फोल्डर परत येत नाहीत. त्याहून मोठी अडचण अशी की फाइल सलग लिहिलेली असेल तरच ती पुरी निघते. लहान फोटो बहुधा सलग असतो. लग्नाच्या चित्रीकरणाची कित्येक गिगाबाइटची फाइल भरत आलेल्या कार्डावर तुकड्यातुकड्यांनी पसरलेली असते, आणि ती निघाली तरी मंगलाष्टके सुरू होताच थांबते. ज्या फाइल-प्रकाराची सही सॉफ्टवेअरला शिकवलेलीच नाही, त्याच्या बाबतीत हा मार्ग सुरूच होत नाही.

आता पहिली अट. मोकळी म्हणून दाखवलेली जागा मोकळी राहिली पाहिजे. संगणक नुसता चालू असला तरी डिस्कवर लिहीत असतो. ब्राउझर आपला साठा लिहितो, विंडोज अपडेट उतरवते, प्रत्येक प्रोग्राम नोंदवही ठेवतो. फाइल गेल्याचे कळताच घाबरून इंटरनेटवर शोधाशोध करणारा आणि सापडलेले रिकव्हरीचे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवणारा माणूस स्वतःच नांगर धरून रानात शिरलेला असतो. कार्डातले फोटो गेले तर कार्ड त्याच क्षणी कॅमेऱ्यातून काढावे. लॅपटॉपमधली फाइल गेली तर लॅपटॉप बंद करावा. पुढचे सारे काम दुसऱ्या संगणकावर, आणि तेही मूळ डिस्कवर न करता तिची बाइटला बाइट अशी प्रतिमा काढून त्या प्रतिमेवर करावे. सहज परत मिळू शकल्या असत्या अशा कितीतरी फाइली केवळ या पहिल्या दहा मिनिटांत जातात. ‘निघतेच’ म्हणणाऱ्यांनी निदान एवढे तरी सोबत सांगायला हवे होते.

यावर समजुतीचे समर्थक एक पायरी वर चढतात. वर दुसरे काही लिहिले गेले तरी प्रयोगशाळेत खालचा थर वाचता येतो, असे ते म्हणतात. या दाव्याचे मूळ १९९६ सालच्या पीटर गुटमन यांच्या निबंधात आहे. त्या काळच्या आणि त्याआधीच्या डिस्कवर जुन्या चुंबकीय खुणांचे अवशेष उरू शकतात असे मांडून त्यांनी डिस्क पुसण्यासाठी ३५ फेऱ्यांची पद्धत सुचवली होती. डिस्कची घनता त्यानंतर इतकी वाढली की असा अवशेष उरायला जागाच राहिली नाही. गुटमन यांनी स्वतःही नंतर स्पष्ट केले की नव्या डिस्कसाठी त्या ३५ फेऱ्यांना अर्थ नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेची मार्गदर्शिकाही आजच्या चुंबकीय डिस्कसाठी एकदा वर लिहिणे साधारणतः पुरेसे मानते. विंडोज व्हिस्टापासून ‘फुल फॉरमॅट’ हे काम आपसूक करते: सगळ्या जागेवर शून्ये लिहिते. ‘क्विक फॉरमॅट’ मात्र फक्त नवी नोंदवही उघडतो. दोन्हींना लोक ‘फॉरमॅट मारला’ एवढेच म्हणतात, आणि एकातून डेटा परत आलेला पाहून दुसऱ्याचीही खात्री देतात.

वर लिहिलेले परत येत असते तर चंद्रावरच्या पहिल्या पावलाचे मूळ चित्रण जगाकडे असते. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चे थेट चित्र ऑस्ट्रेलिया आणि कॅलिफोर्नियातल्या केंद्रांवर टेपांवर उतरले होते. दूरचित्रवाणीसाठी रूपांतर करताना त्याचा दर्जा बराच उतरला. जगाने पाहिले ते हे उतरलेले चित्र. मूळ टेपा मात्र इतर हजारो टेपांबरोबर पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाने २००९ मध्ये जाहीर केला. टेपांचा तुटवडा होता, एवढेच त्याचे कारण. नासाजवळ पैसा, माणसे, प्रयोगशाळा यांतले काय कमी होते? तरीही हाती आले ते वाहिन्यांकडच्या प्रक्षेपणाच्या प्रतींवरून सुधारून घेतलेले चित्र.

समजुतीला सर्वांत मोठा तडा दिला तो एसएसडीने. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपमध्ये फिरणारी डिस्क नसतेच, फ्लॅश चिप असते. फ्लॅशमध्ये भरलेल्या जागेवर थेट लिहिता येत नाही, आधी एक मोठा ठोकळा पुरा पुसावा लागतो, आणि पुसायला वेळ लागतो. लिहिताना वेग मिळावा म्हणून हे पुसण्याचे काम आधीच उरकून ठेवण्याची सोय करण्यात आली. फाइल डिलीट होताच संगणक एसएसडीला कळवतो की ही जागा आता नको. या आज्ञेला ट्रिम म्हणतात, आणि २००९ च्या विंडोज ७ पासून ती विंडोजमध्ये आपोआप जाते. आज्ञा मिळाली की एसएसडीचा नियंत्रक सवडीने ते ठोकळे पुसून टाकतो. बऱ्याच एसएसडी तर प्रत्यक्ष पुसण्याआधीच त्या जागेचे वाचन म्हणून नुसती शून्ये देऊ लागतात. सातबाऱ्यावरून नाव कमी होताच रोटाव्हेटर फिरला, मधला काळ राहिलाच नाही. रिसायकल बिनमध्ये असेपर्यंत फाइल सुरक्षित असते. बिन रिकामा केला की थोड्याच वेळात जगातले कोणतेही सॉफ्टवेअर तिथे शून्यांखेरीज काही वाचू शकत नाही. सॉफ्टवेअरच्या जाहिरातींतले दावे इथे कामाचे नाहीत. वाचायला तिथे काही उरलेलेच नसते.

मोबाइलची स्थिती याहून कडक आहे. तिथे फ्लॅश आहे, ट्रिम आहे आणि वर एन्क्रिप्शन आहे. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनवरचा सगळा डेटा कुलूपबंद लिहिला जाणे सक्तीचे आहे, आयफोनमध्ये ते त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. फोन ‘रिसेट’ केला की किल्ली नष्ट होते, आणि किल्लीशिवाय उरलेला मजकूर म्हणजे निरर्थक आकड्यांची रास. फोनमधला डिलीट झालेला फोटो परत आला अशा ज्या गोष्टी कानावर येतात, त्यांतला फोटो बहुतेक वेळा डिलीट झालेलाच नसतो. तो गॅलरीच्या बिनमध्ये असतो, गूगल फोटोजच्या खात्यात असतो, किंवा व्हॉट्सॲपने रात्री २ वाजता फोनवरच काढून ठेवलेल्या बॅकअपमध्ये असतो. म्हणजे कुठेतरी दुसरी प्रत होती. श्रेय त्या प्रतीचे आहे. ते ‘रिकव्हरी’ला देणे ही उघड दिशाभूल आहे, कारण पुढच्या वेळी प्रत नसताना तोच माणूस त्याच विश्वासाने बसून राहतो.

यंत्र बिघडले असेल तर प्रश्न वेगळा होतो. फिरत्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारे डोके तबकडीवरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. ते तबकडीला टेकले की ‘टक्, टक्’ असा ठरावीक आवाज येऊ लागतो. हा आवाज ऐकू आला की वीज बंद करायची, एवढाच शहाणपणाचा उपाय आहे. कारण प्रत्येक फेरीला तबकडीवरचा चुंबकीय लेप खरवडला जात असतो आणि खरवडलेला लेप म्हणजेच गेलेला डेटा. अशी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. त्याने तबकडीवर दव धरते आणि उरलेसुरलेही हातचे जाते. धूळविरहित खोलीत डोकी बदलून डेटा काढणारे कुशल लोक भारतातही आहेत, त्यांचे काम खरे आहे आणि त्याचे मोलही मोठे आहे. ते तबकडी शाबूत असेपर्यंतच चालते, एवढे मात्र पक्के.

या मुद्द्यावर समर्थक हमखास कोलंबियाचे उदाहरण देतात. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी ज्या यानात गेले, त्याच्या अवशेषांत सुमारे सहा महिन्यांनी एक करपलेली हार्ड डिस्क सापडली. तिच्यातला ९९ टक्के डेटा निघाला, आणि तिच्यावर नोंदलेला झेनॉन वायूच्या श्यानतेवरचा प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्धही झाला. हे घडले ते खरेच. पण कसे घडले तेही पाहावे. यान तुटले तेव्हा डिस्क फिरत नव्हती. ती डॉस या जुन्या प्रणालीवर चालत असल्याने डेटा एका भागात सलग लिहिलेला होता, आणि तबकडीवर ओरखडे पडले ते नेमके रिकाम्या भागात. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्क तपासल्या गेल्या. त्यांतून काहीही निघाले नाही. तिघींपैकी जी वाचली तिचीच गोष्ट सांगितली जाते. त्या एका गोष्टीवरून नियम बांधणे म्हणजे विहिरीत पडून वाचलेल्या एकाकडे पाहून विहिरीला कठडा नको म्हणण्यासारखे आहे.

राहिला शेवटचा आणि वरवर सर्वांत समंजस वाटणारा युक्तिवाद: गेलेला डेटा नाही मिळाला तरी पुन्हा तयार करता येतो. दुकानाचा हिशेब पावत्यांवरून पुन्हा लिहिता येतो हे खरे. आकाश तर रोज तेच आहे, दुर्बीण पुन्हा वळवली की झाले, असे खोडदबद्दलही कुणाला वाटू शकेल. ते चूक आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे शियापारेली यान मंगळावर उतरताना त्याचा क्षीण रेडिओ संकेत खोडदच्या तबकड्यांनी पकडला होता. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात तो संकेत तुटला आणि यान मंगळावर आदळले. तो संकेत विश्वात एकदाच निघाला. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने २४ जुलै २००१ रोजी काही सहस्रांश सेकंदांचा एक प्रखर रेडिओ स्फोट नोंदवला, पण तो तेव्हा कुणाच्या लक्षात आला नाही. डंकन लोरिमर आणि त्यांच्या विद्यार्थ्याला तो साठवलेल्या डेटात २००७ मध्ये सापडला, आणि जलद रेडिओ स्फोटांचे नवे क्षेत्र खुले झाले. आकाशाच्या त्याच भागावर नंतर पुष्कळ तास पाळत ठेवली गेली. तो पुन्हा झाला नाही. ‘विश्लेषण झाले, आता जागा मोकळी करू’ असे मधल्या सहा वर्षांत कुणी ठरवले असते तर?

खोडदच्या दुर्बिणीचे याहून जवळचे उदाहरण आहे. २०१० ते २०१२ या काळात तिने १५० मेगाहर्ट्झवर दिसू शकणाऱ्या जवळजवळ सगळ्या आकाशाचे सर्वेक्षण केले, सुमारे २००० तास. हुइब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षांनी तोच साठवलेला कच्चा डेटा नव्या पद्धतीने पुन्हा सोडवला. आयनमंडलामुळे येणारी विकृती या पद्धतीत अधिक नेटकी दूर होत होती. त्यातून ६ लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची सूची जगाला मिळाली. दुर्बिणीने त्यासाठी एक मिनिटही जास्त निरीक्षण केले नाही. जुन्या फाइली जागेवर होत्या, एवढ्यावर हे झाले. जीएमआरटीच्या निरीक्षणांचा ऑनलाइन संग्रह याच दृष्टीने ठेवला आहे. निरीक्षण करणाऱ्याचा १८ महिन्यांचा राखीव हक्क संपला की तो डेटा कुणालाही मागता येतो. आधीच्या शास्त्रज्ञाने ज्यात कचरा पाहिला त्यात पुढच्याला काय दिसेल, हे आज ठरवता येत नाही.

सगळेच साठवता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या सुधारणेनंतर ही दुर्बीण एका वेळी ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकते. तो पट्टा पुरता पकडायचा तर प्रत्येक तबकडीच्या दोन ध्रुवणांपैकी प्रत्येकाचे सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. एक नमुना अवघ्या ४ बिटचा धरला तरी ३० तबकड्यांचे मिळून सेकंदाला २४ गिगाबाइट होतात, तासाला ८६ टेराबाइट. म्हणून तबकड्यांच्या ४३५ जोड्यांचे संकेत तिथल्या तिथे एकमेकांशी ताडले जातात, ठरावीक कालावधीची सरासरी काढली जाते, आणि सरासरी तेवढी फाइलीत उतरते. त्याखालचा मूळ संकेत त्याच क्षणी सोडून दिलेला असतो. सरासरीतून मूळ आकडे परत काढणारे गणित नाही. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हा निर्णय इथे निरीक्षणाआधी, विचार करून घेतला जातो. घरच्या संगणकावर तोच निर्णय बहुधा घेतलाच जात नाही, आणि मग तो अपघात घेतो.

नक्कल म्हणजे काय याबद्दलही तेवढाच गोंधळ आहे. दोन डिस्कवर एकदम लिहिणारी रेड पद्धत एक डिस्क बंद पडली तर वाचवते. चुकून डिलीट केलेली फाइल ती दोन्हीकडून त्याच क्षणी डिलीट करते. फोनशी जुळवून ठेवलेले ऑनलाइन खातेही बहुतेक वेळा तेच करते. एकाच बॅगेतला लॅपटॉप आणि पोर्टेबल डिस्क बॅगेबरोबरच चोरीला जातात. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी, हा जुना हिशेब अजून लागू आहे. प्रत काढल्यावर ती उघडून पाहणेही त्यातच आले. चेकसम, म्हणजे फाइलच्या सगळ्या बाइटवरून काढलेला एक आकडा, मूळ आणि प्रतीत जुळला तरच प्रत खरी. लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्याने दोन खाचांचा कॅमेरा घेऊन दोन्ही कार्डांवर एकदम नोंद केली आणि प्रती जुळल्याचे पाहिल्याखेरीज कार्ड फॉरमॅट केले नाही, तर त्याला रिकव्हरीच्या दुकानाची पायरी क्वचितच चढावी लागेल.

एवढे करूनही एक धोका उरतो: फाइल शाबूत असते पण वाचता येत नाही. १९६६ आणि १९६७ मध्ये नासाच्या ल्युनार ऑर्बिटर यानांनी पाठवलेली चंद्राची चित्रे टेपांवर होती. टेपा जपल्या गेल्या, मात्र त्या वाचणारी ॲम्पेक्स कंपनीची यंत्रे वापरातून गेली. एका संग्राहिकेने ती अवजड यंत्रे स्वतःच्या जागेत वर्षानुवर्षे सांभाळली, तंत्रज्ञांनी ती पुन्हा चालू केली, आणि २००८ मध्ये चंद्राच्या क्षितिजावरच्या पृथ्वीचे १९६६ मधले चित्र पूर्वी कधी न दिसलेल्या तपशिलांसह बाहेर आले. खोडदच्या जुन्या निरीक्षणांच्या फाइली एलटीए नावाच्या दुर्बिणीच्या स्वतःच्या बांधणीत असतात. लिस्टस्कॅन आणि जीव्हीफिट्स हे दोन छोटे प्रोग्राम त्यांचे फिट्स या खगोलशास्त्रातल्या सर्वमान्य स्वरूपात रूपांतर करतात. संग्रहातल्या जुन्या फाइलींबरोबर हे दोन प्रोग्राम चालते ठेवणे हा त्या फाइली सांभाळण्याचाच भाग आहे.